इंग्रजी खेड्यांतील पब आणि त्याचे पाहुणे

इंग्लंडांत हिंडून आलेल्या दोन कुटुंबांस एकाच खेड्यांतील एकाच पबविषयीं विचारावें, म्हणजे मोठी मौज होते. एक कुटुंब सांगतें, बिअर कोमट आणि आंबूस होती, बटाटे गार होते, आणि अर्धा तास मेजाशीं बसलों तरी कोणी विचारपूस केली नाहीं. दुसरें सांगतें, तसली बिअर साऱ्या प्रवासांत कोठें मिळाली नाहीं, पाय नांवाची मांसाची कचोरी नुकतीच भट्टींतून निघालेली होती, आणि यजमानानें आपुलकीनें जवळच्या टेकडीची वाट दाखवून दिली. ऐकणाऱ्यास वाटतें, यांपैकीं एक कोणी तरी अतिशयोक्ति करीत असावें. तसें सहसा नसतें. दोन्ही साक्षी खऱ्या असतात. आणि त्या दोन्ही खऱ्या कशा, हें समजून घेतलें कीं इंग्रजी खेड्याच्या जीवनाचें एक अंग उलगडतें.

पब हा शब्द ‘पब्लिक हाऊस’ या दोन शब्दांचा संक्षेप आहे. सर्वांस मोकळें असलेलें घर, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्याचें भाषांतर ‘गुत्ता’ असें केलें तर शब्द मराठी होईल, पण वस्तु हातची जाईल. आपल्याकडे गुत्त्यांत मनुष्य पिण्यापुरता शिरतो आणि शक्य तर तोंड लपवून बाहेर पडतो. इंग्रजी खेड्यांतील पबांत शेतकरी येतो, शाळामास्तर येतो, कधीं कधीं पाद्रीही येतो; क्रिकेटचा सामना संपला म्हणजे जिंकलेला आणि हरलेला असे दोन्ही संघ येतात; आणि पुष्कळ ठिकाणीं धन्यासोबत त्याचें कुत्रेंही शेकोटीपुढें येऊन पसरतें. चावडीवरची बातमी, पारावरची गप्पाष्टकें आणि खानावळींतला घांस या तिन्ही गोष्टी तेथें एका छपराखालीं मिळतात. दारावर रंगविलेली पाटी टांगलेली असते. कोठें तांबडा सिंह असतो, तर कोठें ‘रॉयल ओक’ म्हणजे राजाचा ओक वृक्ष. १६५१ सालीं वूस्टरच्या लढाईंत हार खाल्ल्यावर दुसरा चार्ल्स एका ओक वृक्षाच्या फांद्यांत लपून राहिला होता. त्या प्रसंगाची आठवण कित्येक पबांच्या पाट्या आजही वागवीत आहेत.

मात्र या घराची वंशावळ ध्यानांत ठेविली पाहिजे. जुन्या इंग्लंडांत अशा घरांचे तीन प्रकार होते. ‘इन’ म्हणजे वाटसरूंची सराई. तेथें निजण्याजेवण्याची सोय असे. ‘टॅव्हर्न’मध्यें द्राक्षांचें मद्य मिळे, आणि तेथें बहुधा सुखवस्तु लोक जात. तिसरें ‘एलहाऊस’, एखादी गृहिणी घरींच एल, म्हणजे बिअरची जुनी जात, गाळी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस विकी. आजचा खेड्यांतला पब बहुतेक ठिकाणीं या तिसऱ्या, गरीब शाखेचा वारस आहे. जेवण हा त्याचा मूळ धर्म नव्हे. पाहुण्यांच्या तक्रारींपैकीं निम्म्यांचें मूळ येथें सांपडतें.

पण आधीं बिअरकडे वळावें, कारण त्या घराचें जीवित तिच्यावर आहे. सातूला मोड आणून, तो वाळवून, त्याचा काढा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, आणि मग यीस्ट घालून आंबवितात. येथपर्यंत सर्वत्र सारखेंच. फरक पुढें पडतो. ज्या बिअरसाठीं इंग्रजी पब प्रसिद्ध आहे ती भट्टींतून निघते तेव्हां पूर्ण झालेली नसते. पिंपांत तिच्याबरोबर जिवंत यीस्ट असतें, आणि पबच्या तळघरांत ती पुन्हां मंदपणें आंबत राहते. पिंप आलें कीं पबचालक तें आडवें ठेवून स्थिर करतो. वरच्या बुचांत प्रथम सच्छिद्र लाकडाची खुंटी मारतो, म्हणजे जादा वायु निघून जातो. जोर पुरेसा उतरला म्हणजे तिच्या जागीं घट्ट लाकडाची खुंटी बसवितो. गाळ खालीं बसूं देतो, रोज चव पाहतो, आणि मनाची खात्री झाली म्हणजेच ती गिऱ्हाइकास देतो. तळघराची उष्णता ११ ते १३ अंश सेल्सिअस राखावी लागते. नळ्या दर आठवड्यास धुवाव्या लागतात. नेहमींच्या पिंपांत नऊ गॅलन बिअर मावते, म्हणजे ७२ पिंट. आणि एक पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पिंपाला तोटी लागून आंत हवा शिरली कीं घटका भरूं लागते. तीन दिवसांच्या सुमारास पिंप संपलें तर उत्तम. रेंगाळलें तर बिअर शिळी होते व पुढें आंबते.

आतां त्या दोन कुटुंबांच्या साक्षी पुन्हां तपासाव्या. शनिवारीं गर्दी असते, सकाळीं उघडलेलें पिंप रात्रींपर्यंत रितें होतें. त्या दिवशींच्या पाहुण्यास अमृत मिळतें. पावसाळी मंगळवारीं चार गिऱ्हाइकें येतात आणि तेंच पिंप पांचवा दिवस पाहतें. त्या दिवशींच्या पाहुण्यास ताक मिळतें. घर तेंच, बिअर त्याच भट्टीची, आणि हातही तोच. फरक पडतो तो दिवसाचा आणि खपाचा. म्हणून जाणतें गिऱ्हाईक सहा हातपंपांच्या रांगेला भुलत नाहीं. लहान गांवांत सहा पिंपें एकदम उघडणारा यजमान बहुधा सहा शिळ्या बिअरी विकतो. दोनच पंप चालविणारा ताजी विकतो.

‘कोमट’ या आक्षेपाचें उत्तरही तळघरांतच आहे. बर्फासारखी गार बिअर पिण्याची संवय झालेल्या परदेशी पाहुण्यास १२ अंशांची बिअर कोमट वाटते. पण तिची चव आणि वास याच उष्णतेवर खुलतो. फेसाबद्दलही असाच वाद. उत्तर इंग्लंडांत पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावून पेल्यावर दाट फेस आणतात. दक्षिणेंत कित्येकांस फेस म्हणजे मापांतली चोरी वाटते. यॉर्कशायरचा मनुष्य ससेक्समध्यें गेला कीं बिअर मेलेली आहे असें म्हणतो, आणि ससेक्सचा यॉर्कशायरमध्यें गेला कीं पेला पुरा भरून मागतो. पाहुणा परदेशचाच असावा लागतो असें नाहीं.

जिवंत बिअरचा मुंबईशींही एक जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेस बो येथील हॉजसन याच्या भट्टींतील फिकट, कडवट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानांत येऊं लागली. १८२० नंतर बर्टन-ऑन-ट्रेंट येथील भट्टीवाल्यांनीं तो व्यापार हातीं घेतला. तेथील विहिरींचें जिप्समयुक्त पाणी तसल्या बिअरला फार मानवतें. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनेच्या महिने हेलकावे खात पिंपें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथें उतरत, आणि त्या प्रवासांत बिअर पिकत जाई. ‘इंडिया पेल एल’ हें नांव त्यांतून रूढ झालें. आज एखादा मराठी विद्यार्थी इंग्लंडांतील खेड्यांत जाऊन पंपावर तें नांव वाचतो, तेव्हां त्याच्या देशाचें नांव तेथें आधींच पोहोंचलेलें असतें.

या नाजुक मालाची कटकट नको म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या भट्ट्यांनीं दुसरा मार्ग काढला. बिअर गाळून, तापवून, तिच्यांतील यीस्ट मारून, धातूच्या बंद पिंपांत वायूच्या दाबानें भरून पाठवावयाची. ती आंबत नाहीं, यजमानाच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाहीं, आणि सर्वत्र एकसारखी लागते. वाईट अनुभवाचा धोका गेला. पण पुष्कळांच्या मतें चांगल्या अनुभवाची शक्यताही गेली. १९७१ सालीं चार तरुण इंग्रजांनीं आयर्लंडच्या सहलींत या प्रश्नावर बोलतां बोलतां एक चळवळ सुरू केली. तीच पुढें ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ म्हणून गाजली, आणि चांगल्या पबांची तिची मार्गदर्शिका वर्षानुवर्षें निघत राहिली. या चळवळीची मागणी एका दृष्टीनें विलक्षण होती. खात्रीच्या मध्यम मालापेक्षां बेभरवशाचा उत्तम माल बरा, असें गिऱ्हाइकांनीं उघडपणें सांगितलें, आणि तें म्हणणें पुष्कळ अंशीं मान्य झालें.

जेवणाची कथा निराळी आहे. एलहाऊसच्या परंपरेंत पाव, चीज आणि लोणच्यांतला कांदा एवढीच शिदोरी असे. १९२० सालीं स्मिथ याच्या कंपनीनें बटाट्याच्या कुरकुरीत कापांचीं पाकिटें काढलीं. आंत निळ्या कागदाच्या पुडींत मीठ असे, आणि पबांतून त्यांचा मोठा खप होई. ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगऱ्याचें जेवण, हा पदार्थ पाहुण्यास फार प्राचीन वाटतो. पाव आणि चीज प्राचीन खरेंच. पण १९५४ सालीं चीजवरील शिधावांटप उठल्यावर चीजचा खप वाढविण्यासाठीं त्या धंद्याच्या मंडळांनीं हें नांव पुढें केलें आणि पबांच्या फळ्यांवर पोहोंचविलें. नांगर धरणाऱ्या हाताशीं त्याचा संबंध जाहिरातीपुरताच.

जॉर्ज ऑर्वेल यानें फेब्रुवारी १९४६ मध्यें ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’ पत्रांत आपल्या आदर्श पबचें वर्णन केलें. तेथें सायंकाळीं पूर्ण जेवण नाहीं. सँडविच, शिंपल्या, चीज व लोणचें मात्र केव्हांही मिळे. दुपारचें साधें भरपेट जेवण वरच्या मजल्यावर होतें. शेवटीं त्यानें सांगून टाकलें कीं असें घर अस्तित्वांतच नाहीं. हा लेख लंडनच्या पबविषयीं आहे. पण पाहुणा मनांत जो पब घेऊन खेड्यांत येतो, तोही याच जातीचा असतो. त्याच्या मनांतलें घर अगोदरच इतकें सजलेलें असतें कीं खऱ्या घराला त्याच्याशीं स्पर्धा करणें कठीण जातें.

मग जेवणाला एवढें महत्त्व आलें कसें? एक कारण कायद्यांत आहे. १९६७ च्या कायद्यानें मोटार चालविणाऱ्याच्या रक्तांतील मद्याची मर्यादा ठरविली आणि श्वास तपासण्याचें यंत्र पोलिसांच्या हातीं दिलें. खेड्यांत येणारा शहरी पाहुणा मोटारींतून येतो. तो आतां एका पेल्यावर थांबूं लागला. बिअरवरची मिळकत घटली, ती ताटावर भरून काढणें भाग पडलें. १ जुलै १९०७ नव्हे, २००७ पासून इंग्लंडांत पबांतील धूम्रपान बंद झालें; विडी ओढणारे कांहीं जुने सोबती घरींच राहिले, आणि मुलांबाळांसह जेवावयास येणारीं कुटुंबें वाढलीं. इकडे १९९१ सालीं लंडनच्या क्लार्कनवेल भागांतील ‘ईगल’ या पबनें उत्तम स्वयंपाकाची नवी वाट पाडली होती. २००१ सालीं हेरफर्डशायरमधील टिटली खेड्यांतल्या ‘स्टॅग इन’ला मिशेलिनचा तारा मिळाला. असा मान मिळविणारा तो पहिला पब होय. शिखर उंच झालें, तशी सर्वांकडून अपेक्षाही उंच झाली. तळघर सांभाळण्यांत हयात घालविलेल्या यजमानाला आतां आचाऱ्याचाही शोध घ्यावा लागतो. खेड्यांत आचारी मिळणें कठीण, टिकणें त्याहून कठीण. चांगला आचारी असतां आलेला पाहुणा घरचा ताजा पाय खातो. तो सोडून गेल्यावर आलेला पाहुणा गोठविलेला, नुसता तापवून वाढलेला पाय खातो. पाटीवर मात्र नांव तेंच असतें.

शिवाय कांहीं गैरसमज निव्वळ रीतींचे असतात. पबांत मेजाशीं बसून वाट पाहिली तर बहुतेक ठिकाणीं कोणी येत नाहीं. स्वतः उठून फळीपाशीं जावें लागतें, मागावें लागतें आणि तेथेंच पैसे द्यावे लागतात. मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनीं १९९६ सालीं परदेशी प्रवाशांसाठीं याच रीतींवर एक पुस्तिका लिहिली. फळीपुढें रांग दिसत नाहीं, पण कोणाचा क्रम कोणता याची मनांतल्या मनांत नोंद असते. नोट फडकविली किंवा हांक मारली तर मान कमी होतो. वेळेचीही गोष्ट तशीच. महायुद्धाच्या काळीं, १९१४–१५ सालीं, सुरू झालेला दुपारचा बंदीकाळ १९८८ पर्यंत चालला. आतां कायद्याची आडकाठी नाहीं. तरी खेड्यांतली चूल पुष्कळदां दुपारीं दोनला विझते ती सायंकाळीं सहाला पेटते. तीन वाजतां भुकेला पोहोंचलेला पाहुणा त्या घरास कठोर म्हणतो.

मराठी शाकाहारी कुटुंबानें आणखी दोन प्रश्न विचारलेले बरे. उत्तरेकडे कांहीं ठिकाणीं बटाट्याचे काप गाईच्या चरबींत तळतात. आणि पिंपांतील बिअर लवकर निवळावी म्हणून माशाच्या वायुकोशापासून केलेला आयसिंगग्लास नांवाचा पदार्थ घालण्याची जुनी चाल आहे. अलीकडे कित्येक भट्ट्या तो टाळतात. विचारल्यावर सरळ उत्तर मिळतें; न विचारतां कोणी सांगत नाहीं.

यजमानाची बाजूही ऐकली पाहिजे. गिऱ्हाइकें त्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. पण पुष्कळदां तो स्वतःच भाडेकरी असतो. घर भट्टीवाल्याचें किंवा एखाद्या मोठ्या कंपनीचें असतें, आणि बिअर मालक सांगेल त्याच्याकडून, त्याच भावानें घ्यावी लागते. १९८९ सालीं सरकारनें मोठ्या भट्टीवाल्यांच्या या पकडीवर मर्यादा घातली. तेव्हां हजारों पब विकले गेले, पण त्यांपैकीं पुष्कळ नव्या पब-कंपन्यांच्या हातीं गेले आणि बंधन बऱ्याच अंशीं तसेंच राहिलें. २०१६ पासून इंग्लंड व वेल्समध्यें मोठ्या कंपन्यांच्या भाडेकऱ्यांसाठीं नियमावली आणि तिच्यावर देखरेख करणारा अधिकारी आहे. बिअर महाग कां, किंवा शेजारच्या गांवची नामांकित बिअर येथें कां नाहीं, असें पाहुणा विचारतो, तेव्हां तो बहुधा भलत्याच माणसाला विचारीत असतो.

या अवघडलेल्या संसाराचे आंकडे बोलके आहेत. २००० सालीं ब्रिटनमध्यें सुमारें ६०,००० पब होते. २०२३ पर्यंत ते सुमारें ४५,००० वर आले. मार्च २०२० मध्यें साथीमुळें सर्वच बंद झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्लंडच्या कांहीं भागांत, ‘भरीव जेवणा’बरोबरच मद्य द्यावें असा नियम झाला, आणि मांसाच्या आवरणांत तळलेलें अंडें, ज्यास स्कॉच एग म्हणतात, तें भरीव जेवण ठरतें कीं नाहीं यावर मंत्र्यांना भाष्य करावें लागलें. देश हंसला, पण ज्या पबांत चूलच नव्हती त्यांचे यजमान हंसले नसतील.

लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर बाजूस हेस्केट न्यूमार्केट नांवाचें एक खेडें आहे. सप्टेंबर १८५७ मध्यें चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स तेथील एका इनमध्यें उतरले होते. यजमान स्वतः वाटाड्या होऊन त्यांस कॅरक फेल या डोंगरावर घेऊन गेला. पाऊस आला, धुकें दाटलें, होकायंत्र मोडलें, वाट चुकली, आणि कॉलिन्सचा घोटा मुरगळला. यजमानाच्या सौजन्यांत उणें नव्हतें. हवेवर मात्र त्याची सत्ता नव्हती. याच गांवांत ‘ओल्ड क्राउन’ नांवाचा पब आहे. १९८८ सालीं त्याच्या मागील कोठारांत एक लहानशी भट्टी निघाली. तिच्या मालकाची निवृत्तीची वेळ आली तेव्हां, १९९९ सालीं, गांवकरी व स्नेही यांनीं सहकारी संस्था करून ती विकत घेतली. आणि २००३ सालीं शंभराहून अधिक जणांनीं भाग घेऊन पबही घेतला. सहकारी तत्त्वावर गांवाच्या मालकीचा झालेला तो ब्रिटनमधला पहिला पब मानला जातो. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रास हा मार्ग परका वाटूं नये. पुढें २०११ च्या कायद्यानें गांवास आपला पब सार्वजनिक मोलाची मिळकत म्हणून नोंदवितां येऊं लागला. मालकानें तो विकावयास काढला तर बोली जमविण्यास गांवाला सहा महिन्यांपर्यंत अवधि मिळतो. २०१७ पासून इंग्लंडांत रीतसर परवानगीवांचून पब पाडतां किंवा त्याचें दुकान करतां येत नाहीं.

ज्या गांवानें पैसे घालून पब राखला, त्यानें तो तेथील बिअर प्रत्येक दिवशीं उत्तम असते म्हणून राखला नाहीं. गिऱ्हाइकास नांवानें ओळखणारी, हिंवाळ्याच्या रात्रीं दिवा लावून बसणारी दुसरी जागा गांवांत उरलेली नव्हती, हें त्याचें कारण. पण केवळ गांवकऱ्यांच्या पेल्यांवर असें घर आतां चालत नाहीं. त्याला पाहुण्याचें ताट लागतें, आणि म्हणून पाहुण्याच्या अभिप्रायालाही पूर्वीं नव्हतें एवढें वजन आलें आहे. तो अभिप्राय कोठें आणि केव्हां द्यावा, याची एक जुनी रीत आहे. बिअर मागण्यापूर्वीं आज कोणतें पिंप ताजें आहे तें विचारावें. चांगला यजमान घोटभर चाखावयास देतो. पेला आंबूस निघाला तर तो तेथेंच, आवाज न चढवितां, परत करावा. चांगल्या घरांत तो वाद न करतां बदलून मिळतो, आणि यजमान लगेच तळघराकडे वळतो. मुकाट्यानें पिऊन, घरीं परतून, चारचौघांत त्या घराची निंदा केली तर तें पिंप मात्र तसेंच राहतें, आणि पुढच्या पाहुण्याच्या पेल्यांतही तेंच येतें.